बांधेल त्यानेच सोडायचं

लुवीनिया गॅड्सडन हसली की तिचं तोंड उजवीकडे आधी उघडायचं आणि डावीकडे मागाहून. मोडलेला जबडा पुन्हा सांधताना जरा तिरपाच बसला होता. साउथ कॅरोलायनातल्या त्या दलदलीच्या मुलखात सगळे तिला मिस वीनी म्हणत. जबड्याबद्दल मात्र तिला कुणी कधी विचारलं नाही. तो कुणी मोडला हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि तो मोडणारा दर रविवारी देवळात तिच्या पुढच्याच बाकावर बसायचा. प्रार्थनेला सगळे डोळे मिटत, तेव्हा वीनी उघड्या डोळ्यांनी त्याच्या जाड मानेकडे बघत बसायची आणि मनात एकच मागणं मागायची, ‘देवा, रूफसला ने.’

तिच्या घरामागे पत्र्याची शेड होती. तिथे ती मोटरसायकली पुढून खाली, बसक्या करून द्यायची. इंजिनाला हात लावायची नाही, रंगाला नाही. काम फक्त पुढच्या शॉकअपचं. पण त्या कामात तिच्यासारखे हात आसपासच्या कुठल्याच गावात नव्हते.

एखादा तरणाबांड गडी यायचा, तोंडात उकडलेल्या शेंगा चघळत. म्हणायचा, “मिस वीनी, पुढून अशी खाली कर की नाकच घासलं पाहिजे.”

“कुठे घासायचंय? धावपट्टीवर की रस्त्यावर?”

“दोन्हीकडे.”

“मग दोन गाड्या घेऊन ये. आणि दोन डोकीही, जमलं तर.”

मग ती त्याला उकिडवं बसवून दाखवायची. शर्यतीत गाडी सुटते तेव्हा पुढचं चाक बिथरलेल्या घोड्यासारखं वर उठतं. म्हणून धावपट्टीवर पुढचे शॉकअप पार दाबायचे आणि जाड पट्ट्याने आवळून टाकायचे. स्प्रिंगने हूं की चूं करता कामा नये. तिथे डांबर कसं, तर ताणून पसरलेल्या चादरीसारखं. खड्डा नाही, वळण नाही, मग स्प्रिंगला काम तरी काय? रस्त्याची गोष्ट निराळी. रस्त्यासाठी शॉकअपच्या नळ्या पकडीतून बोटभर वर सरकवायच्या, आत कडक स्प्रिंग घालायची, तेल दाट भरायचं. गाडी बसकी दिसते, पोरी वळून बघतात, आणि खड्डा आला तर चाकाला वर यायला जागाही राहते.

“आणि पट्टा बांधूनच रस्त्यावर गेलं तर?” असं विचारणारा एखादा तरी निघायचाच.

“तोंडात बोळा कोंबून पळून बघ. थोडं पळशील. मग पडशील.”

धावपट्टी म्हणजे लढाईच्या काळातला ओसाड विमानतळ. रविवारी देवळातून निघालं की सारा गाव तिकडे लोटायचा. पुरुष, बायका, तळलेल्या माशांच्या गाड्या, गोड चहाच्या बरण्या. तिथे दोन नियम होते. कुठे लिहिलेले नव्हते, पण देवळातल्या दहा आज्ञांपेक्षा जास्त पाळले जायचे. दुसऱ्याच्या गाडीला हात लावायचा नाही. नुसता टाकीवर हात ठेवला म्हणून तिथे एकाच्या बरगडीत सुरा गेला होता. आणि दुसरा नियम, पुढचा पट्टा बांधेल त्यानेच सोडायचा. बांधणारा एक आणि सोडणारा दुसरा असला, की याला वाटतं त्याने सोडला आणि त्याला वाटतं याने. असा बांधल्या गाडीवर घरी निघालेला एक माणूस कुंपणाच्या तारेतून तुकड्यातुकड्यांनी काढावा लागला होता. तेव्हापासून हा नियम.

रूफस बॉड्रिकचं लग्न वीनीशी होतं तोवर त्याचा पट्टा तीच बांधायची, म्हणून तीच सोडायची. रूफस जिंकायचा. जिंकला की शिरस्त्राण हवेत उडवायचा, लोकांच्या टाळ्या घ्यायचा, माशाचा पाव खाऊन बोटं चाटत परत यायचा. तोवर पट्टा सुटलेला, गाडी रस्त्याला तयार. साऱ्या संसारात त्या माणसाचं बोट एकदाही त्या बकलाला लागलं नाही. आपल्याकडे नवरा जेवून उठतो आणि ताट कुठे गेलं हे त्याला ठाऊक नसतं, त्यातलाच प्रकार.

एका ईस्टरला त्याच्या मनात आलं, गाडी बांधलेलीच ठेवून भर बाजारातून न्यायची. बांधलेली गाडी सापासारखी दिसते, सरपटणारी. वीनीने रीत सोडली नाही. तो कपडे करत होता तेवढ्यात तिने पट्टा सोडून टाकला. देवळासमोर दोस्तांनी गाडी पाहिली आणि एक जण हसून म्हणाला, “रूफस, तुझी गाडी नाक वर करून चाललीय की. बायकोवर गेली वाटतं!”

घरी येताच त्याने शिरस्त्राणाची वादी मुठीला गुंडाळली आणि ते सरळ तिच्या तोंडावर फिरवलं. ती चुलीवर पडली, ग्रिट्सचं, म्हणजे मक्याच्या कण्यांचं, उकळतं पातेलं तिच्या मांडीवर पालथं झालं. तिला किंचाळायचं होतं, पण जबडा हलेना. तो दारात उभा राहून हसत म्हणाला, “माझी गाडी किती खाली हवी ते मी ठरवणार.”

पुढेही खूप काही झालं. शेवटी एकदा त्याने तिचा तळवा धरून सायलेन्सरच्या तापल्या नळीवर दाबला. वास शेजारच्या अंगणात गेला. त्या दिवशी तिचा धाकटा भाऊ थॅडियस ट्रक घेऊन आला आणि बहिणीला तिच्या पान्यांच्या पेटीसकट घेऊन गेला. रूफस पायरीवर बसून बियर पीत होता. “पाने ने,” तो म्हणाला, “बायको काय, दुसरी मिळेल.”

थॅडने ते वाक्य साखरेत घोळवून ठेवल्यासारखं जपलं. स्वतःसाठी शर्यतीची गाडी तयार केली, बहिणीकडून शॉकअप करून घेतले, आणि एका रविवारी माशांच्या गाडीपाशी, भरल्या लोकांत, रूफसच्या छातीवर बोट ठेवलं.

“पुढच्या रविवारी. तू आणि मी. हरेल त्याने पुन्हा या धावपट्टीवर पाय ठेवायचा नाही.”

रूफसने त्याचं बोट हातात घेतलं, हळूच मागे वाकवलं. “बहिणीला विचारून आलास का रे, बाळा?”

“तिनेच गाडी बांधायची आहे.”

“मग तर तू हरलासच.”

वीनीला हे कळलं तेव्हा तिने भावाला शिव्या घातल्या. “तुझं डोकं फुटलं तर मी कुणाकडे जाऊ?”

“ताई, तो रोज तुझ्यासमोरून मिरवतो. एकदा तरी त्याची पाठ बघू दे.”

“मला त्याची पाठ नकोय, थॅड. मला त्याची तिरडी हवीय.” हे ती मोठ्याने पहिल्यांदाच बोलली.

रविवार उजाडला तो घामाने थबथबलेला. पाइनच्या झाडांतून वारा नाही, माशांच्या तेलाचा धूर जागच्या जागी. वीनीने भावाच्या गाडीवर वजन टाकलं, शॉकअप दाबले, पट्टा ओढून बकल लावलं. मग तिची नजर पलीकडे गेली. रूफस स्वतः पट्टा बांधत होता. त्याची दुसरी बायको केव्हाच पळाली होती, आणि दोस्तांपैकी कुणाला तो गाडीला हात लावू देत नसे. लाल पट्टा. गुडघा टेकवून, शिव्या देत त्याने तो आवळला, आणि उरलेलं शेपूट खोचायचं सोडून तसंच लोंबत ठेवलं. वीनीच्या बोटांना ते बघून खाज सुटली. एवढंही येत नाही मेल्याला!

देवळाचा म्हातारा कारभारी डीकन प्रेलो दोन गाड्यांच्या मधे उभा राहिला. त्याने हात वर केले. हात खाली आले की सुटायचं.

रूफस हात खाली यायच्या आधीच सुटला.

सगळ्यांनी पाहिलं. रबराचा धूर, फाटलेला आवाज, आणि थॅडची गाडी त्याच्या मागोमाग. पलीकडच्या टोकाला रूफसचं चाक पुढे होतं. दोघे सावकाश परत आले. थॅड थांबताच वीनीचा हात आपोआप बकलाकडे गेला, पट्टा सुटला, गाडीने मान वर केली. तेवढ्यात थॅड तिच्या डोक्यावरून उडी मारून गेलासुद्धा.

“चोरा! हात वरच होते!”

“तुझी बहीण बांधते तेव्हा गाडी उशिरा सुटते,” रूफस हसत म्हणाला, “सवय आहे मला.”

थॅडने शिरस्त्राण त्याच्या नाकावर हाणलं. नाकाचं हाड वाजलं. रूफसने दोन्ही हातांनी थॅडचा गळा धरला आणि त्याचं डोकं ट्रकच्या दारावर आपटलं, पुन्हा आपटलं, दाराला पोचा पडेपर्यंत. मग सगळेच तुटून पडले. बियरच्या बाटल्या फुटल्या, माशांची कढई उलटली, उकळतं तेल वाळूवर पसरलं आणि त्यात पडलेला एक माणूस गुरासारखा ओरडायला लागला. डीकन प्रेलो “लेकरांनो, रविवार आहे!” म्हणत मधे गेला आणि कुणाचा तरी कोपर लागून दात हातात घेऊन बाहेर आला. रूफसचा दोस्त हॅम्प याने पिस्तूल काढून वर गोळी झाडली. दुसरी गोळी वर गेली नाही. ती थॅडच्या कानाची पाळी घेऊन गेली.

“थॅडला मारलं!” कुणीतरी बोंबललं. गॅड्सडनांच्या चुलतभावांनी ट्रकमधून बंदुका खेचल्या. “रूफसला जिवंत सोडू नका!”

रूफस धावला. नाकातून रक्त गळत होतं, शर्ट फाटला होता. त्याने गाडीवर टांग टाकली, सुरू केली आणि फाटकाकडे तोंड वळवलं.

वीनी भावाचा कान दाबून धरून बसली होती. तिने मान वर केली आणि तिला ते लाल शेपूट दिसलं. चाकाशेजारी लोंबणारं, हलणारं.

पट्टा बांधलेलाच होता.

फाटकाबाहेर लगेच रेल्वेचे रूळ होते. त्यासाठी रस्ता उंच केलेला, उंटाच्या पाठीसारखा. सगळे जण त्यावरून वेगाने जायचे, मजा म्हणून चाकं उडवायचे. बांधलेली गाडी त्यावर गेली तर पुढचं चाक वर यायला जागाच नाही. गाडी तिथेच दाणकन अडकेल आणि माणूस पुढे जाईल. पुढे रूळ, खडी, सिग्नलचा खांब.

तर देवाने ऐकलं होतं. एवढ्या रविवारच्या मागण्यांनंतर ऐकलं, आणि असं ऐकलं की वीनीला बोटही उचलायचं नव्हतं. नुसतं बसून राहायचं होतं. कुणी तिला विचारणारही नव्हतं. बांधेल त्यानेच सोडायचं. त्याने बांधलं, तो सोडायला विसरला. बस्स.

तिच्या शेजारी वाळूत टायर काढायची टॉमी पडली होती. हातभर लांब, जड. ती कधी हातात आली हे तिला पुढे कधीच सांगता आलं नाही.

ती धावत सुटली. रूफसला ट्रकांना वळसा घालून यायचं होतं, ती माशांच्या गाडीमागून आडवी निघाली. “पट्टा! अरे रूफस, पट्टा!” पण इंजिनाच्या आवाजात तिचा आवाज तिलाच ऐकू येईना. फाटकाशी ती वाटेत उभी राहिली. त्याने तिला पाहिलं. तिच्या हातातलं लोखंड पाहिलं. आणि रक्ताने भरलेल्या तोंडाने तो हसला, तेच ते दारातलं हसू, आणि त्याने गाडी तिच्या अंगावर घातली.

गाडीला हात लावायचा नाही. वीनीने गाडीला हात लावला नाही. ती एक पाऊल बाजूला झाली आणि दोन्ही हातांनी टॉमी फिरवली. ती रूफसच्या खांद्यावर, गळ्याच्या हाडापाशी बसली. ओली फांदी मोडावी तसा आवाज झाला. रूफस मागच्या मागे उडून पाठीवर पडला, गाडी एकटीच घसरत फाटकाच्या खांबाला जाऊन थांबली. वीनीने टॉमी पुन्हा उचलली. आणि हे खरं आहे, ते झाकण्यात अर्थ नाही, की ती दुसऱ्यांदा खाली आली तेव्हा गाडी आडवी झालेली होती, पट्ट्याचा धोका संपलेला होता. तो घाव त्याच्या कोपरावर बसला.

तिसरा बसला नाही. हॅम्प आणि आणखी दोघांनी तिला खाली पाडलं. एकाने तिचा उजवा हात वाळूवर धरून ठेवला आणि हॅम्प बुटाच्या टाचेने त्यावर नाचला. ज्या बोटांनी साऱ्या मुलखातल्या गाड्या खाली आणल्या, ती बोटं एकेक करून मोडत गेली, आणि वीनी “पट्टा, पट्टा” म्हणत राहिली, जणू त्या शब्दाने कुणी थांबणार होतं. थॅडची बंदूक वाजली तेव्हा ते पळाले.

शेरीफचा माणूस आला. त्याला धावपट्टीवर कुणीच काही पाहिलं नसल्याचं कळलं. रूफस म्हणाला, पडलो. वीनी म्हणाली, ट्रकच्या दारात हात सापडला.

मग जे सुरू झालं ते वीनीला त्या बुटांपेक्षा जड गेलं. गावातल्या बायका तिच्या घरी यायला लागल्या, सणाला याव्या तशा. कुणी तांबडा भात आणला, कुणी लोण्याचा केक.

“काय हाणलंस गं मेल्याला! आमच्या जिवाला थंडावा आला.”

“मी थांबवायला गेले होते. त्याचा पट्टा बांधलेला होता.”

“हो हो, पट्टा होता!” बायका एकमेकींना कोपराने ढोसत हसल्या. “हेच सांग बाई, कुणी विचारलं तर. छान आहे.”

थॅडसुद्धा, कानाला चिकटपट्टी लावून, म्हणाला, “ताई, माझ्यापुढे तरी नको. मी तुझे डोळे पाहिले होते.”

तिने प्लॅस्टरमधल्या हाताकडे पाहिलं आणि बोलणं सोडून दिलं.

रूफसची गाडी त्याच्याच सांगण्यावरून हॅम्पने ट्रकवर चढवून रूफसच्या आईच्या, मिस युलालीच्या अंगणात आणून उभी केली होती. जशी होती तशी. रूफसने बांधलेला पट्टा रूफसनेच सोडायचा, तेव्हा कुणी त्याला हात लावला नाही. मिस युलाली रोज सकाळी कोंबड्यांना दाणे टाकताना त्या गाडीला वळसा घालायची. म्हातारीने नवऱ्याच्या शर्यती पाहिल्या होत्या, मुलाच्या पाहिल्या होत्या. एका सकाळी ती दाण्याची पाटी घेऊन तशीच थांबली. लाल शेपूट धुळीत लोळत होतं, आणि एक कोंबडी त्याला चोच मारत होती.

रूफस इस्पितळातून घरी आला त्याच दुपारी ट्रक वीनीच्या शेडसमोर उभा राहिला. चालवत होती मिस युलाली. मागे गाडी. शेजारी रूफस, उजवा हात छातीशी जखडलेला, नाक वाकडं.

थॅड पायरीवरून बंदूक घेऊन उठला.

“बस खाली, थॅडियस,” म्हातारी म्हणाली. “भांडण करायचं असतं तर मी त्याला आणला नसता. पोरी, जरा बाहेर ये.”

फळी लावून मायलेकांनी गाडी खाली घसरू दिली, पायावर उभी केली. म्हातारीने मुलाच्या मोडक्या खांद्याखाली बोट खुपसलं. “बघ. बघ म्हणते ना तिथे.”

रूफसने पट्ट्याकडे पाहिलं. मग रस्त्याकडे पाहिलं, जणू फाटक आणि रूळ तिथेच होते.

“सोड,” तो वीनीला म्हणाला.

“बांधेल त्याने.”

“एका हाताने कसा सोडू?”

तिने प्लॅस्टरमधून नुकताच सुटलेला उजवा हात वर केला. तीन बोटं अर्धी वाकलेली, तशीच राहणार होती. “माझा तरी कुठे दुसरा आहे?”

शेवटी रूफस गुडघ्यावर बसला. डाव्या हाताने बकल चाचपलं. त्याला त्याची उलटसुलट बाजूही ठाऊक नव्हती. पट्टा ताणलेला, बकल गंजायला लागलेलं. त्याने शिवी घातली. हँडलवर छातीने रेलून वजन टाकलं, बोट अडकवलं, शेपूट दातांत धरून ओढलं. घाम त्याच्या नाकावरून गळत होता. थॅडने बंदूक मांडीवर ठेवली, तमाशाला बसल्यासारखे पाय पसरले.

“अंग काढ बाजूला,” वीनी म्हणाली. “सुटताना उसळतं ते.”

“माझ्या गाडीचं मला—”

बकल सुटलं. दाबून राहिलेल्या स्प्रिंगा एकदम उठल्या, गाडीने मान झटकली आणि हँडलची मूठ रूफसच्या हनुवटीवर खालून बसली. त्याचे दात एकमेकांवर आपटले. तो मागे वाळूत बसला, तोंड दाबून, बोटांतून रक्त.

“उगीच नाही सांगत ती,” मिस युलाली म्हणाली. तिने रुमाल काढला, पण मुलाला दिला नाही. स्वतःचे डोळे पुसले.

रूफसने रक्त थुंकून विचारलं, वर न बघता, “तू मला वाचवायला मारलंस की मारायला?”

वीनीने विचार केला. खोटं बोलायची ती जागा नव्हती.

“पहिला वाचवायला,” ती म्हणाली. “दुसरा माझा.”

त्याने मान हलवली, म्हणजे त्याला ते पटलं. “धावपट्टीवर नाही येणार मी आता. हात वरच होते डीकनचे.”

“आणि इथेही यायचं नाही.”

“नाही.”

तो आईच्या आधाराने उठून ट्रकमध्ये बसला. फळी लावून गाडी पुन्हा ट्रकवर चढवायची तर गाडीला हात लावायला हवा होता. थॅडने रूफसकडे पाहिलं. रूफसने खिडकीतून, सुजल्या तोंडाने, “लाव,” म्हटलं. थॅडने गाडी चढवली आणि शिव्या घालत दोरी बांधली.

ट्रक निघायच्या आधी वीनी पुढे झाली. तिने आपला वाकडा हात हँडलवर ठेवला आणि सवयीने एकदा खाली दाबलं. पुढचं अंग बसलं आणि सावकाश पुन्हा वर आलं.

“उजवीकडच्यात तेल कमी आहे,” ती मिस युलालीला म्हणाली. “दुसऱ्या कुणाकडून घालून घ्या.”